उरलेली फीत

माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि हव्या त्या गाण्यांची यादी आणून द्यायचं. यादी संपली तरी शेवटी तीन-चार मिनिटांची फीत उरायचीच. तेवढ्या जागेत मी कुणाला न विचारता माझ्या लेकीच्या बँडचं गाणं भरायचे. त्यांना तेव्हा काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. पहिल्याच कार्यक्रमाला माणसं आली नाहीत तर बँड मोडायचा, असं त्या चौघींनी ठरवलं होतं.

लेकीला कळलं तेव्हा ती कडाडली, "आई, गाणं पाच मिनिटांचं आहे! अर्धवट ऐकून लोक काय म्हणतील?"

"पुढचं काय, असं म्हणतील."

तसंच झालं. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तर तणतणतच आले. "बाई, न मागितलेलं गाणं घुसडलंत ते घुसडलंत, वर मध्येच त्याचा गळा दाबलात?"

"पुढचं ऐकायचंय ना? मग रविवारी या," म्हणत मी तिकीट पुढे केलं.

रविवारी सभागृह गच्च भरलं. लेकीने सूर लावला आणि सगळे तिच्याबरोबर गाऊ लागले. मग एकेक आवाज गळत गेला. ज्याची फीत जिथे संपली होती, तिथे तो गप्प झाला. शिंपीकाकांच्या कॅसेटवर सगळ्यात जास्त जागा उरली होती; शेवटी तेही थांबले.

शेवटचं कडवं लेक एकटीच गायली आणि अख्खं सभागृह कानात प्राण आणून ऐकत राहिलं.