डस्टर झटकून आण

“बाई, शूला जाऊ?” छोट्याशा खुर्चीत कशीबशी मावलेल्या ट्वायलाने हात वर करून भोकाड पसरलं. ट्वायलाला दोन नाती होत्या.

“पाठ संपल्यावर हं, बाळ,” इमोजीन म्हणाली.

मास्तरकीच्या कॉलेजात सरावपाठ असेच चालायचे. एकीने शिकवायचं, बाकीच्यांनी पहिलीतली मुलं व्हायचं. आधी प्राध्यापिका प्रुइटबाई प्रत्येकाच्या कानात सांगायच्या, आज तू कोण: रडकी, खोडकर, लाजाळू. शिकवणारीला त्यातलं काही कळू द्यायचं नाही. कोळशाची खाण बंद पडली तशी माणसं डोंगर सोडून चालली होती आणि वर्गही ओस पडत चालला होता. मुलं कमी पडली की बाहेर जो दिसेल त्याला बाई आत ओढून आणत.

आज त्यांच्या हाती इमोजीनचा नवरा लागला होता.

डेन्सिल रोज तिला पिकअपमधून आणून सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर चाकूने लाकूड तासत बसायचा. आत यायला तो तयार नव्हता.

“माझा चष्मा घरी राहिलाय, मॅडम.”

“पहिलीतल्या पोराला कसला चष्मा?” असं म्हणत बाईंनी त्याला दंडाला धरून आणलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो कानशिलापर्यंत लाल झाला. सगळे हसले. इमोजीनला हसू आलं नाही.

हा तिचा दुसरा पाठ होता. पहिल्यात ती नापास झाली होती. यातही झाली तर खऱ्या शाळेतल्या मुलांपुढे उभं राहायला मिळणार नव्हतं, शिक्षण तिथेच संपणार होतं. मग पुन्हा होताच शर्टांचा कारखाना. दिवसभर कॉलर शिवायच्या आणि संध्याकाळी बोटं गरम पाण्यात बुडवून बसायचं.

तिने फळ्यावर कोंबडी काढली आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: तांबडी कोंबडी टोपलीत बसली.

“कोण वाचेल? डेन्सिल, तू वाच बघू.”

डेन्सिलने चित्राकडे बघितलं. “कोंबडी अंडी उबवतेय, बाई.”

वर्गात खसखस पिकली.

“चित्र नाही, वाक्य वाच.” तिने चित्र पुसून टाकलं. “आता?”

“आता तर कोंबडीच उडाली!”

“बाई, याच्या कोंबडीचं कालवण झालं!” ट्वायला ओरडली, आणि मागच्या रांगेतली माणसंही पोट धरून हसली.

इमोजीन त्याच्याजवळ गेली. एकेक अक्षर सुटं लिहून दाखवलं, त्याखाली बोट फिरवलं, आवाज काढून दाखवला. पुस्तकात सांगितलं होतं तसं सगळं केलं. डेन्सिल गुडघ्यांवर तळवे घासत होता. कपाळावर घाम आला होता. मधूनच तो ट्वायलाच्या ओठांकडे बघायचा आणि भलताच शब्द बोलायचा.

“काय नट आहे हा,” कोणीतरी कुजबुजलं.

नटच होता. या माणसाचं डोकं कसं चालतं, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? संध्याकाळी तो तिला तिचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावायचा. “वाच की, तेवढाच तुझा सराव होईल.” आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवता चालवता तेच पानच्या पान तो तिला तोंडपाठ म्हणून दाखवायचा. शाळेचा विषय निघाला की मात्र चेष्टा. “डस्टर झटकण्यात माझा कोणी हात धरत नसे. रोज मलाच बाहेर पाठवायचे.” तिने कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी म्हणाला होता, “मास्तरीण झालीस की आमच्याशी बोलशील ना गं?”

तेव्हा ती हसली होती. आता तिला वाटलं, ते हसण्यावारी न्यायला नको होतं.

“पुन्हा म्हण. हे कोणतं अक्षर?”

त्याने मान खाली घातली. “तूच सांग ना, इमो.”

पाठात तिला नावाने हाक मारली! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“राहू दे. तुझ्याच्याने नाही व्हायचं ते. जा, बाहेर जाऊन डस्टर झटकून आण.”

हसणं थांबलं. डेन्सिल उठला. त्याने दोन्ही डस्टर उचलले.

“बरं, बाई,” तो म्हणाला, आणि जाताना दार अलगद लावून घेतलं.

उरलेला पाठ तिने कसाबसा उरकला. बाकीचे निघून गेले, तरी प्रुइटबाई आपल्या जागेवर बसून होत्या.

“नापास ना मी?”

“एका मुलाला तू वर्गाबाहेर काढलंस, इमोजीन. सांग, मी काय करू?”

खिडकीतून पिकअप दिसत होती. तिच्याशेजारी उभा राहून डेन्सिल डस्टरवर डस्टर आपटत होता. खडूची भुकटी केव्हाच संपली होती, तरी आपटत होता.

इमोजीनला रडू आवरेना. “तुम्हीच माझा घात केलात, मॅडम. सगळ्यात ढ पोराचं सोंग द्यायला तुम्हाला माझाच नवरा सापडला? मला परत त्या कारखान्यात बसवायला तो टपलेलाच आहे. आणि तुम्ही त्याच्या हातात कोलीत दिलंत!”

“ढ?” प्रुइटबाईंनी चष्मा काढला. “अगं, मी तर त्याला सांगितलं होतं, तू वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. बाईंचं लिहून व्हायच्या आत धडाधड वाचून मोकळं व्हायचं.”