टिंबांचा भरवसा

घरून काम करणाऱ्या साहेबांनी सकाळी फोनवर हाताखालच्या प्रोग्रामर मुलीला चांगलंच फैलावर घेतलं. तिच्या स्क्रिप्टमधली फाइली कॉपी करणारी कमांड सुरुवातीलाच बंद पडली होती, पण काम चालू असल्याची खूण म्हणून स्क्रीनवर टिंबं मात्र इमानेइतबारे उमटत राहिली होती.

"अगं, आत काम चाललंय की नाही हे न बघताच टिंबं टाकत राहायची? समोरचा बिचारा त्यांच्या भरवशावर बसून राहतो ना!"

शेजारच्या खोलीत बायको हे सगळं ऐकत होती. ती गालातल्या गालात हसली.

संध्याकाळी ती साहेबांजवळ येऊन बसली. तिला परगावची नोकरी चालून आली होती. घ्यावी की सोडावी, घराचं कसं करायचं, सगळं ती पोटतिडकीने सांगू लागली. साहेबांची नजर लॅपटॉपवरून हलेना, पण मान डोलत होती आणि तोंडाने "हं... हं..." अगदी ठेक्यात चालू होतं.

 

तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "अहो, मी मघाशीच इकडे येऊन बॅग भरायला घेतलीय. तुमची टिंबं अजून चालूच?"