कुमुदिनीचा हात

नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये राघव कॉलर आयडीचे सर्किट बोर्ड बनवायचा, आणि त्यावर तिळाएवढे पार्ट चिमट्याने बसवायची ती त्याची बायको कुमुदिनी. "क्या हाथ है भाभीजी का!" असं गिऱ्हाइकं म्हणायची. मग राघवने तेच काम करणारं मशीन घरीच बनवायला घेतलं. त्यानंतर घरात 'हात' म्हटलं की मशीनचाच. कुमुदिनी सगळं घर पुसायची, मशीन सोडून.

पण पार्ट ठेवायच्या जागी पोचला की मशीनचा हात थरथरायचा. पट्टा बदलला, मोटर बदलली, फरक शून्य.

"कुमुद, तुझा हात कसा थांबतो गं? जरा करून दाखव ना, मी कॅमेऱ्यात घेतो."

"बिल्कुल," ती म्हणाली, आणि छान तयार होऊन आली.

राघवने तिची हालचाल जशीच्या तशी मशीनला दिली. आधी वेग, जवळ आल्यावर संथ, आणि मध्येच वाटेत क्षणभर थांबणं. थरथर गेली. "त्या थांबण्यातच सगळं कसब आहे!" तो येईल त्याला सांगू लागला. तरीही वेगात मशीन कुमुदिनीच्या मागेच पडायचं. का, ते त्याला कळेना.



कामाला बसताना कुमुदिनी कधीच बांगड्या घालत नसे. त्या तिने फक्त कॅमेऱ्यासमोर घातल्या होत्या, दर पार्टला थांबून मागे सारायला.