भोवळ

पूर्वरंग रंगात येतो न येतो, तोच वेणूबाईंच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. केलगेरीच्या विठ्ठलमंदिराचे खांब त्यांच्याभोवती फिरू लागले. निर्जळी एकादशी, त्यात समोर गॅसबत्तीचा झगझगाट.

"भोवळ आली वाटतं," देवळाचे पंच बाळाचार्य म्हणाले. आवाज काही हळू नव्हता. "बसा अक्का, बसा. म्हणूनच सांगत होतो, बाईमाणसाला नारदाची गादी झेपायची नाही."

गादीवर उभ्यानंच बोलायचं. बसलं की कीर्तन मोडलं. आणि आज मोडलं, तर या देवळात पुन्हा कुठल्याही बाईला गादी मिळणार नव्हती. बाळाचार्यांनी ते सकाळीच सुनावलं होतं.

पेटीवर बसलेला धाकटा भाऊ मधुकर कुजबुजला, "अक्का, मी सांभाळून घेतो. बस तू."

वेणूबाईंनी पाय रोवले.

"आचार्य, शब्द छान दिलात," त्या म्हणाल्या. "आता त्याचंच निरूपण ऐका. संस्कृतात भ्रम् म्हणजे फिरणं. आपण त्याचं भोवणं केलं. फुलाभोवती फिरतो तो भ्रमर, दोरीच्या जाळीनं फिरतो तो भोवरा, अन् डोकं फिरतं ती भोवळ. सगळी एकाच घरची लेकरं!"

"भोवरा शेवटी पडतोच की, अक्का!"

चारजण हसले.

"पडतो ना. पण कधी? फिरायचा थांबला की! फिरतोय तोवर ताठ उभा असतो. भोवळ म्हणजे पडणं नव्हे, आचार्य, भोवळ म्हणजे फिरणं. अन् फिरवणारा तो बघा, जाळी ओढून कमरेवर हात ठेवून गंमत बघतोय."

आता हसले ते सगळेच. वेणूबाईंनी चिपळ्या उचलल्या.

"फिरव रे हरी, फिरव मला..."

आणि त्यांनी गिरकी घेतली. खांब फिरले, बत्ती फिरली, माणसं फिरली. गाभाऱ्यातला विठ्ठल तेवढा जागचा हलला नाही. त्याच्यावर नजर ठेवून त्या थांबल्या. उभ्याच.

पालुपद पुरुषांनी उचलायचं, ही इथली रीत. पण मधुकरची पेटी सूर धरतेय तोवर खांबांमागून, बायकांच्या बाजूनं, आवाज उठला. असा उठला, की माळ्यावरचे पारवे उडाले.

बाळाचार्यांनी दचकून मागे पाहिलं. सगळ्यांत पुढं त्यांची आई उभी होती, पदर खोचून.

"बाळ्या," गाता गाताच म्हातारी ओरडली, "बघत काय बसलास? टाळी वाजव!"