घाटात मिळालेली अक्षदा

उमरठच्या शाळेतला पालकांचा वर्ग इतका रंगेल, असं तो घ्यायला महाडहून आलेल्या वैदेहीताईंनाही वाटलं नव्हतं. "आम्ही हात उगारत नाही, मग पोराला त्रास कसला, असं आपण धरून चालतो," त्या म्हणाल्या. "म्हणून आज नुसतं बोलण्याचं बघू. घरात मुलांना गमतीनं काय काय सांगता?"

झालं! इतका वेळ माना खाली घालून बसलेल्यांना कंठ फुटला. कुणी पोराला बुवाच्या झोळीत टाकणार होतं, कुणी बोहारणीला देऊन पातेलं घेणार होतं. जो तो उठून आधीच्यावर कडी करत होता.

प्रवीणपुढे मात्र सगळे फिके पडले. "आमची अक्षदा कशेडीच्या घाटात मिळाली," तो ऐटीत उभा राहून म्हणाला. "ट्रकवाल्याकडनं घेतली, पोतंभर तांदळावर! ऐकलं नाय की सांगतो, येऊ दे ट्रक, देतो परत."

वर्ग हसून हसून लोळला. शेजारी बसलेली त्याची बायको राजश्री तर डोळे पुसत होती.

वैदेहीताईही हसल्या. मग त्यांनी मैदानात खेळणारी मुलं आत बोलावली. "आपण आपल्या घरी कसे आलो, कोण सांगणार?"

दुसरीतल्या अक्षदाचा हात सगळ्यांच्या आधी वर. "मला ट्रकवाल्याकडनं घेतली. ट्रक लाल होता. मी लय रडत होते, मग आईनं मला पेज भरवली."

पुन्हा हशा पिकला. या वेळी प्रवीण हसला नाही. लाल ट्रक त्याच्या गमतीतला होता. पेज त्यानं कधीच सांगितली नव्हती.

"खोटं हाय गो ते!" तो ओरडलाच. लोकांच्या मांड्या ओलांडत पुढे धावला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "आईच्या पोटातनं आलीस तू! पोलादपूरच्या दवाखान्यात! भिंतीपलीकडनं तुझा आवाज आला ना, नर्स बाहेर यायच्या आधीच मी पेढे वाटले!"

"मला एक नाय ठेवला ह्यांनी," राजश्री मागून ओरडली. "अख्खा पुडा संपवला!"

अक्षदा आईकडे बघत राहिली. "तुझ्याच पोटातनं?"

"माझ्याच गो बाय!"

पोरगी जी उडाली, ती थेट आईच्या मांडीवर. मग कोण थांबतंय! एकेक जण आपापलं पोर ओढून त्याच्या जन्माची गोष्ट सांगायला लागला. कुणाचं कुणाला ऐकू येईना. वैदेहीताईंनी खडू ठेवून दिला.

प्रवीणला तर आता काय करू नि काय नको असं झालेलं. "रविवारी मामाकडं जाऊ," तो म्हणाला. "कशेडीच्या बोगद्यातनं नाय, वरच्या घाटातनं. गाडी थांबवून भजी खाऊ!"

"मग मी खिडकीत बसू?" अक्षदानं टाळी वाजवली. "आईच्या पदराखाली नाय झोपणार!"

"बस की," राजश्री हसली. "पण गाडी लागते म्हणून झोपतेस ना गो तू?"

"गाडी नाय लागत मला," अक्षदा त्याच आनंदात म्हणाली. "ट्रकवाल्यानं ओळखलं असतं ना!"