सगळ्यांना दहाची वेळ

“लवकर नंबर लागतो, हीच तर माझी तक्रार आहे,” आजी म्हणाल्या.

पाहणीसाठी आलेल्या बाईचं पेन थांबलं. सरकारी दवाखान्याचा कारभार नव्या पद्धतीने चालू झाल्यावर काय फरक पडला, हे मोजायला तिला परगावाहून पाठवलं होतं. पूर्वी माणसं तीन-तीन तास ताटकळायची. आता फोनवर वेळ मिळायची आणि अर्ध्या तासात सुटका व्हायची. सगळे खूश होते. एवढ्या दिवसांत तक्रार करणाऱ्या या एकट्या आजीच.

“दर गुरुवारी साखर तपासायला यायचे, तेव्हा शेजारी एकजण बसायची. तिचंही घर माझ्यासारखंच, रिकामं. तीन तास आम्ही साऱ्या जगाला नावं ठेवायचो. मग ही वेळेची भानगड आली. तिला कुठला वार मिळाला, देव जाणे. आता मी रोज येऊन बसते. पहारेकरी म्हणतो, आजी, गर्दी करू नका.”

“नाव काय त्यांचं?”

“नाव कशाला लागतंय? मी तिला ‘अगं’ म्हणायची, ती मला ‘अगं’.”

बाईला हसू आलं. कितीतरी दिवसांनी स्वतःचं हसणं कानावर पडलं आणि ती दचकलीच.

दुपारी ती नंबर देणाऱ्या कारकुनाकडे गेली. “साखरेच्या सगळ्या म्हाताऱ्यांना येत्या गुरुवारी दहाची वेळ द्या.”

“सगळ्यांना? बाई, गर्दी मोडली की नाही, हे बघायला आलात ना तुम्ही?”

“एकदाच द्या.”

गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खोकला, भांडणं, कलकल. मुख्य डॉक्टर तावातावाने बाहेर आले. “पुन्हा मागचाच बाजार? कुणाचा हा उद्योग?”

“माझा,” ती म्हणाली.

“आजचे आकडे वरच्या साहेबांकडे जातील. जबाब तुम्हाला द्यावा लागेल.”

“देईन.”

एवढ्यात काठी टेकत एक वाकलेली म्हातारी दारात आली. आजी ताडकन उठल्या.

“कुठं मेली होतीस गं?”

“मी? मी तर तुझंच तेरावं घालून बसले होते!”

दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. हसता हसता दोघींचे डोळे वाहू लागले. बाई भिंतीशी उभी होती. आता कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. ती दवाखान्यात तिला दिलेल्या खोलीकडे वळली.

“ती कोण गं?” मैत्रिणीने विचारलं.

“ती होय? तुला शोधायला रोज यायचे ना, तेव्हा हिलाच बघत बसायचे. एकटीच डबा खाते, भिंतीकडे तोंड करून.” आजींनी मैत्रिणीला कोपराने ढोसलं. “सरक जरा. बसू दे तिला.”