सोळा पानं

सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात सोळा पानं होती, आणि ती कधी एकदा बाहेर काढतो असं त्यांना झालं होतं.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला शिवणवाली बोलत होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी ही सात-आठ मंडळी जमायची. आठवडाभरात काय वाचलं ते सांगायचं, आणि सांगून झालं की पुस्तक दुसऱ्याच्या हवाली करायचं, अशी रीत. नियम दोनच, आणि दोन्ही सरांनी केलेले. न वाचलेलं पुस्तक वाचलं म्हणून सांगणाऱ्याची खुर्ची जाणार. पुस्तकाची नासधूस करणाऱ्याचीही जाणार. गेल्या वर्षी पोस्टमनच्या हातून एका पानावर चहा सांडला, तर सरांनी त्याची खुर्ची त्याच्यादेखत बाहेर ठेवायला लावली होती. बिचारा पुन्हा इकडे फिरकला नाही.

शिवणवाली पहिल्या दिवसापासून सरांच्या डोक्यात गेली होती. शाळेचे गणवेश शिवणारी बाई, शिक्षण सातवीपर्यंत, आणि ती बोलायला लागली की सगळे कान देऊन ऐकायचे. सर बोलत असताना हीच मंडळी घड्याळाकडे बघायची. बत्तीस वर्षं शाळा चालवलेल्या मुख्याध्यापकानं हे किती सहन करायचं? ती वाचत नाहीच, लेकीकडून गोष्ट ऐकून येते आणि इथं पोपटपंची करते, हे सरांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. पुरावा तेवढा हवा होता.

त्याचीही सोय त्यांनी केली. एका नावाड्यावरची ती कादंबरी औषधवाल्या काकांची. काकांना ती त्यांच्या बायकोनं लग्नाआधी दिली होती. बायको गेली, पुस्तक राहिलं, आणि काका ते जिवापाड जपायचे. गेल्या आठवड्यात सरांचं वाचून झालं तेव्हा त्यांनी पट्टी धरली, ब्लेड घेतलं आणि शेवटची सोळा पानं अलगद कापली. मग गेल्या रविवारी ते पुस्तक शिवणवालीच्या हातात ठेवलं. "वाचाच बाई. शेवट तर फारच छान आहे," असंही वर म्हणाले. नंतर पानं चिकटवून टाकली की काकांना पत्ताही लागणार नाही, असा बेत. आज तर आल्या आल्या त्यांनी ग्रंथपाल ताईंना बजावून ठेवलं होतं, "शेवटी एक खुर्ची बाहेर न्यायची आहे. विसरू नका."

"पूल झाल्यावर नावाड्याकडे कुणी येईना," शिवणवाली सांगत होती. "मग तो चिडून नाव फोडतो. आणि त्याच फळ्यांचं घराला दार करतो. पण दाराला कडी लावत नाही. मला ते कडी न लावणं फार आवडलं. माणसं नावेत यायची, ती आता घरी येतील, असं वाटत असणार त्याला."

काकांनी चष्मा काढून पुसला. सरांना मनातून उकळ्या फुटत होत्या. कडीचं वाक्य शेवटच्या पानावर होतं, आणि शेवटचं पान त्यांच्या खिशात होतं.

"छान सांगितलंत," सर म्हणाले. "हे तुम्ही स्वतः वाचलंत ना?"

"हो."

"ह्याच पुस्तकात? की कुणाकडून ऐकलंत?"

शिवणवालीनं पुस्तकावर हात ठेवला. "ह्याच पुस्तकात आहे, सर. पण तो विषय नको आता. पुढच्यांना बोलू द्या."

"का बरं नको?" सर उभे राहिले. "खोटं बोलायलाही काही मर्यादा असते, बाई." त्यांनी घडी केलेली पानं काढून टेबलावर आपटली. "हा तुमचा शेवट. आठवडाभर माझ्या खिशात आहे. आता सांगा सगळ्यांना, तुम्ही तो वाचलात कुठं?"

सर ऐटीत खाली बसले आणि तिचा चेहरा उतरायची वाट बघू लागले. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती काकांकडे बघत होती. काकांनी एक पान उचललं होतं आणि कापलेल्या कडेवरून ते अंगठा फिरवत होते.

शिवणवालीनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. छापील मजकूर संपत होता तिथून पुढे आखीव कागद लागत होते. त्यावर निळ्या शाईत, बारीक, उभ्या अक्षरात पुढचं सगळं उतरवलेलं होतं. प्रत्येक कागद, ब्लेडनं पान कापल्यावर उरलेल्या कडेला पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता. टाके अगदी एकसारखे होते.

"दुसऱ्या वाचनालयात एक प्रत आहे, पण ते घरी नेऊ देत नाहीत," ती काकांना हळूच म्हणाली. "चार दुपारी तिथं बसून लिहून घेतलं. कुणीतरी पानं कापलीत हे दिसतच होतं. तुमच्या जिवाला लागेल म्हणून सगळ्यांसमोर बोलले नाही. नंतर तुम्हाला एकट्याला सांगणार होते. कुणी कापली, ते मात्र मला ठाऊक नव्हतं."

काकांनी पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं.

"मी चिकटवून देणारच होतो," सर म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

ग्रंथपाल ताई उठल्या, टेबलाला वळसा घालून सरांच्या मागे आल्या आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुम्ही सकाळी सांगितलेलं विसरले नाही मी," त्या म्हणाल्या. "जरा उठता, सर?"